गरोदरपणात आणि कुटुंबनियोजनात ‘स्व-काळजी’चा, म्हणजे आपल्या आरोग्याची शक्य तेवढी काळजी आपणच घेण्याचा, राष्ट्रीय पातळीवर आग्रह कशासाठी? दवाखाने असताना तिची गरज काय?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्व-काळजीची मार्गदर्शक तत्त्वे दिली आणि २०२२ मध्ये ती सुधारली; त्यांत स्व-काळजी ही दवाखान्याला पूरक मानली आहे, पर्याय नव्हे. सोलापुरात मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या बाईची मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने ठरते. त्यामुळे केवळ दिवस गेले आहेत का हे पाहण्यासाठी अर्धा दिवस रांगेत घालवला, तर तिची तेवढी कमाई बुडते. आशाताईंकडचे ‘निश्चय’ किट हीच तपासणी घरी काही मिनिटांत करते. ‘छाया’ ही संप्रेरकविरहित (हार्मोन नसलेली) गर्भनिरोधक गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. वार मात्र चुकता कामा नये, आणि तेच कोणी नीट समजावून सांगत नाही. म्हणून माझ्या मते राष्ट्रीय धोरणाकडे मागणी करताना नुसती साधने मागू नयेत. मराठीबरोबर तेलुगू आणि कन्नडमध्येही माहिती, किटचा अखंड पुरवठा आणि आशाताईंना पुरेसा मोबदला मागावा. गरोदरपणात रक्तस्राव, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा बाळाची हालचाल मंदावणे यांपैकी काहीही जाणवल्यास घरी न थांबता तडक रुग्णालय गाठावे.