गरम जॉब मोजू नका

आधी नेहमीचं सांगून टाकतो, मी डॉक्टर नाही. नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात २८ वर्षं इन्स्पेक्शनला काढली, व्हर्नियर, मायक्रोमीटर, गेज या मापाच्या उपकरणांत, आणि घरी बायको, दोन पोरं, आई, स्वतःचं बीपी आणि नाण्यांचे सहा अल्बम असा सगळा संसार. त्यातून जे कळलं ते लिहितो. गोळ्या चालू करायच्या का बंद करायच्या हे मला विचारू नका, ते डॉक्टरांनाच विचारा. यावेळी पत्रं बरीच आली, पाच घेतलीत.

प्रश्न : दादा, मिस्टरांचं वय ४७. मागच्या महिन्यात कंपनीत चेकअप कॅम्प होता तिथे बीपी १५२/९६ निघालं. लगेच घरी मशीन आणलं आणि आता दिवसातून दहा-बारा वेळा पट्टा लावतात, रात्री दोनला उठून पण. जास्त आलं की लगेच परत लावतात, मग अजून जास्त येतं. डॉक्टरकडे चला म्हटलं तर म्हणतात, आधी कमी येऊ दे, मग जाऊ. काय करू? (एक वाचिका, इंदिरानगर)

ताई, "आधी कमी येऊ दे मग जाऊ" हे वाचून हसलो आणि मग गप्प झालो, कारण मी पण अगदी हेच केलं होतं, चार महिने.

मिस्टर कारखान्यात आहेत म्हणताय तर त्यांना त्यांच्याच भाषेत सांगा. मशीनवरून उतरवलेला गरम जॉब, म्हणजे नुकताच घडवलेला लोखंडी भाग, कुणी लगेच मोजतं का? नाही. थंड होऊ देतात, मग मोजतात, मापाची खोली २० डिग्रीला ठेवतात ती उगाच नाही. गरम लोखंड फुगलेलं असतं, मायक्रोमीटर बिचारा खरं तेच दाखवतो पण ते त्या जॉबचं खरं माप नसतं. आता हा माणूस ड्युटी करून द्वारका चौकातल्या ट्रॅफिकमधून अर्धा तास हॉर्न ऐकत येतो, चहा ढोसतो, बूट पण न काढता पट्टा लावतो आणि वर तुमच्याशी बोलतो. मग आकडा येणार काय?

आता नीट पद्धत. मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, सिगरेट, व्यायाम काही नाही. लघवीला जाऊन यायचं, भरल्या मूत्राशयाने आकडा दहा-पंधराने सहज वर जातो. खुर्चीत पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीवर, पायावर पाय नाही, पाच मिनिटं गप्प बसायचं. मोबाईल पण नाही. हात टेबलावर, छातीच्या उंचीला, पट्टा उघड्या दंडावर, शर्टाची बाही गुंडाळून त्याच्यावर नाही. पट्टा दंडाच्या मानाने लहान असेल तर आकडा उगाच जास्त येतो, म्हणून दंड टेपने मोजून पट्ट्यावर लिहिलेल्या मापात बसतो का ते बघा. मनगटाचं मशीन असेल तर बदलून दंडाचं घ्या. मोजताना बोलायचं नाही, आणि ताई, तुम्ही पण "किती आलं, किती आलं" करायचं नाही.

सकाळी नाश्त्याआधी दोनदा, मध्ये एक मिनिट सोडून. संध्याकाळी तसंच. सात दिवस. सगळं वहीत, जास्त आलेलं पण लिहायचं, खाडाखोड नाही. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरच्या मोजणीत सरासरी १३५/८५ किंवा वर येत असेल तर ते वाढलेलं धरतात. दवाखान्यात हीच रेषा बऱ्याच ठिकाणी १४०/९० मानतात, कारण पांढरा कोट बघून काहींचं चढतंच. वही घेऊन डॉक्टरकडे जा, सरासरी कमी आली तरी जा. एकट्या कॅम्पच्या आकड्यावर डॉक्टर पण सहसा लगेच शिक्का मारत नाहीत, पण वही बघून त्यांचं काम निम्मं होतं.

आपण नाशिककर गोदेचा पूर कशावर मोजतो, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर. पाणी गुडघ्याला आलं, कमरेला आलं, छातीला आलं. एकेक लाट येऊन आपटली म्हणून कुणी ओरडत नाही. बीपीचं पण तसंच आहे, दिवसभर वरखाली होतंच, ज्यांना काही नाही त्यांचं पण होतं.

एक मात्र ध्यानात ठेवा. आकडा १८०/१२० च्या वर आणि सोबत छातीत दुखतंय, दम लागतोय, बोलणं अडखळतंय, एक हात-पाय जड पडलाय असं काही असेल तर वही-बिही काही नाही, सरळ हॉस्पिटल. आणि रात्री दोनचं मोजणं आजपासून बंद. मशीन तुमच्या कपाटात ठेवा, किल्ली पण तुमच्याकडेच.

प्रश्न : बीपी निघालं म्हणून घरच्यांनी रविवारची मिसळ बंद केली. नाशिकमध्ये राहून मिसळ नाही हे काय जगणं आहे का? (एक वाचक, सिडको)

नाही भो, जगणं नाहीच ते. पण हिशोब बघा. दिवसाला मीठ ५ ग्रॅमच्या आत ठेवा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, म्हणजे सपाट एक छोटा चमचा, आणि त्यात भाजी, आमटी, पोळीतलं सगळं आलं. मिसळीत एकटा रस्सा खारट नसतो, शेव-फरसाण खारट, पापड खारट, पावात पण मीठ, आणि आपण वर "दादा, अजून थोडा रस्सा" म्हणून दोनदा वाटी पुढे करतो. मटकीचा काही दोष नाही, ती बिचारी उलट चांगली.

मी काय केलं ते सांगतो. पंधरा दिवसांतून एकदा, पापड शेजारच्याला द्यायचा, फरसाण अर्धं, रस्सा एकदाच, दही जास्त. घरी केली तर फरसाणाऐवजी भाजलेले पोहे आणि शेंगदाणे. आणि मिसळीपेक्षा रोजचं लोणचं, ठेचा, चारच्या चहाबरोबरचा चिवडा हे आधी बघा, खरं मीठ तिथून जातं आणि ते कुणाला दिसत पण नाही.

अजून एक, बाजारात "लो सोडियम" मीठ मिळतं ते परस्पर आणू नका. त्यात पोटॅशियम असतं, किडनीचा त्रास असेल किंवा बीपीच्या काही ठराविक गोळ्या चालू असतील तर ते अंगावर येऊ शकतं. आधी डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : वजन कमी करायला गोल्फ क्लबवर चालायला लागलो, पहिल्याच आठवड्यात रोज पाच किलोमीटर. आता सकाळी पलंगावरून पाय खाली ठेवला की टाचेत खिळा घुसल्यासारखं होतं, दहा-वीस पावलं चाललं की कमी होतं. (एक वाचक, शरणपूर रोड)

आयुष्यभर खुर्चीत बसायचं आणि एका सोमवारी एकदम पाच किलोमीटर, मग टाच बोलणारच. सकाळचं पहिलं पाऊल दुखणं आणि मग मोकळं होणं, हे बहुतेक वेळा तळव्याखालच्या जाड पट्ट्याचं दुखणं असतं, ताण आल्याने होतं. पोटऱ्या ताणायच्या, भिंतीला हात लावून, दिवसातून दोन-तीनदा. फ्रीजरमधली पाण्याची बाटली रुमालात गुंडाळून तळव्याखाली पुढेमागे फिरवायची. घरात फरशीवर अनवाणी फिरणं बंद, मऊ चप्पल घाला, आई ओरडली तर घरातली चप्पल वेगळी ठेवा. चालणं थांबवू नका पण दोन किलोमीटरवर या आणि जुने झिजलेले बूट टाकून द्या. हे दुखणं चिकट असतं, महिनेच्या महिने जातात, चार दिवसांत बरं झालं नाही म्हणून वैतागू नका. सूज आली, बधिरपणा आला किंवा शुगर असेल तर मात्र दाखवूनच घ्या.

प्रश्न : वडील गेल्यावर त्यांच्या ट्रंकेत जुनी नाणी सापडली, चांदीचे राणीछाप रुपये, जॉर्जचे, आणि बरेच जुने पैसे. काळी पडलीत म्हणून बायको पितांबरीने घासायला निघालीय. मुलाने मोबाईलवर बघितलं की एका नाण्याला लाखो रुपये मिळतात. खरं का? मला आता याची गोडी लागलीय. (एक वाचक, नाशिकरोड)

दादा, पत्र वाचून आधी वहिनींना थांबवा मग पुढचं वाचा. पितांबरी नाही, चिंच नाही, लिंबू नाही, टूथपेस्ट तर अजिबात नाही. नाण्यावरचा तो काळपट थर म्हणजे त्याचं वय आहे, जाणकार माणूस आधी तेच बघतो. घासलेलं नाणं दिसतं चकाचक पण संग्राहकाच्या लेखी त्याची किंमत पडते, आणि ती परत येत नाही. मी माझी पहिली अकरा नाणी अशीच घासून वाया घालवलीत, दिवाळीत, आईच्या तांब्या-पितळेच्या भांड्यांबरोबर.

मग वजन. दागिन्यांचा छोटा डिजिटल काटा आणा, ०.०१ ग्रॅम दाखवणारा, काही शेकड्यांत मिळतो. व्हिक्टोरिया राणीचा, एडवर्डचा, पाचव्या जॉर्जचा चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, चांदी ९१.७ टक्के. झिजलेला असेल तर थोडं कमी भरेल ते चालतं, पण साडेनऊ-दहा भरला तर नाणं संशयास्पद. लोहचुंबकाला चिकटला तर विषयच संपला. १९४० पासून चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ चा रुपया तर निकेलचाच, तेव्हा "जुना म्हणजे चांदीचा" असं धरू नका. १९११ चा जॉर्जचा रुपया असेल तर भिंगातून राजाच्या झग्यावरचा हत्ती बघा. तो लोकांना डुकरासारखा दिसला, बोंबाबोंब झाली आणि पुढच्या वर्षी सरकारला हत्ती नीट काढावा लागला. तसला सापडला तर मला जरूर कळवा, हेवा करायला.

स्वतंत्र भारतातल्या नाण्यांवर सालाच्या खाली बघा. हिरा असेल तर मुंबईची टांकसाळ, चांदणी हैदराबाद, ठिपका नोएडा, आणि काहीच नसेल तर कोलकाता. मुलाला हे काम द्या, मोबाईल आपोआप खाली राहतो. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी २०११ मध्ये चलनातून गेली, पण आठ आणे अजून कायद्याने चालतात, दुकानदार घेत नाही ती गोष्ट वेगळी.

लाखो रुपयांचं म्हणाल तर ते बहुतेक फसवणूक. "तुमचं नाणं पंधरा लाखांना घेतो, आधी रजिस्ट्रेशन फी भरा" असं म्हणणारा आला की फोन ठेवायचा. रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये जाहीरच केलंय की अशा व्यवहाराशी आपला काही संबंध नाही आणि कुणाला आपल्या नावाने फी मागायचा अधिकार दिलेला नाही. खरेदी करणारा तुम्हाला पैसे देतो, मागत नाही, एवढं साधं.

आणि गोडी लागलीच असेल तर एका रविवारी पांडवलेणीला जा. आपण कॉलेजात असताना तिथे काय बघायला जायचो ते सोडा, आता लेणी क्रमांक १० च्या भिंतीवरचा लेख बघा. शक राजा क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने तिथे लिहून ठेवलंय की २००० कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, विणकरांच्या संघाकडे ठेवलेत, महिन्याला शेकडा १ व्याजाने, आणि त्या व्याजातून लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंना वस्त्रं द्यायची. म्हणजे एफडीच की! मुद्दल मोडायचं नाही, व्याज वापरायचं, सगळ्यांना दिसेल असं दगडात कोरून. माझ्या एफडीची पावती दरवर्षी मार्चमध्ये सापडत नाही ते वेगळं.

मग तिथून लेणी क्रमांक ३ ला या. तिथे सातवाहनांचा लेख, त्यांचा राजा गौतमीपुत्र सातकर्णी याच्या आईचा, आणि त्यात मुलाने नहपानाचं क्षहरात घराणं निखंदून काढलं असं लिहिलंय. एकाच डोंगरात दोन्ही वैरी. हे नुसतं बढाईचं नव्हतं, कारण १९०६ मध्ये आपल्याच जिल्ह्यात जोगलटेंभीला १३ हजारांवर चांदीची नाणी सापडली, सगळी नहपानाची, आणि त्यातल्या बहुतेकांवर गौतमीपुत्राने स्वतःचा ठसा मारलेला. वितळवली पण नाहीत, नहपानाच्या चेहऱ्यावरच ठोकला ठसा. मी त्यातलं एक नाणं काचेआडून पहिल्यांदा बघितलं तेव्हा ठशाखालून जुन्या राजाचं नाक दिसत होतं, आणि मी तिथे किती वेळ उभा होतो ते बायकोला विचारा. त्र्यंबक रोडला अंजनेरीला नाणेशास्त्राची संस्था आणि संग्रहालय आहे, फोन करून, उघडं आहे का विचारून जा, पोराला पण न्या.

ठेवण्याचं सांगायचं राहिलं. साधा मऊ प्लास्टिकचा स्वस्त अल्बम घेऊ नका, त्यातला पीव्हीसी नाण्यांवर हिरवट चिकट थर आणतो. कागदी पाकिटं बरी, आणि नाणं कडेने धरायचं, बोट छापाच्या बाजूवर नाही. पावसाळ्यात कपाटात सिलिकाच्या पुड्या टाका, बुटांच्या खोक्यात मिळतात त्या फेकू नका.

प्रश्न : यांना नाण्यांचा नाद, तो पण फक्त रविवारी. सहा दिवस कंपनी आणि सातव्या दिवशी डायनिंग टेबलवर भिंग घेऊन बसणार. मला सुट्टी कधी? (एक वाचिका, पंचवटी)

ताई, हे पत्र आमच्या घरूनच आलंय का असा मला पाच मिनिटं संशय होता, पत्ता पंचवटीचा निघाला म्हणून वाचलो.

आमच्याकडे असं ठरलंय. रविवारी सकाळी सात ते दहा टेबल माझं, त्या वेळात ती फिरायला जाते किंवा झोपते, नाश्ता मी करतो, बहुतेक वेळा पोहेच. दहाच्या ठोक्याला सगळी नाणी डब्यात. एक जरी टेबलावर दिसलं तर ते तिचं. आतापर्यंत तिच्याकडे सात जमलीत, त्यात एक एडवर्डचा रुपया आहे, मागून बघितला, देत नाही.