नाडी, ईसीजी आणि त्यानंतरचा खर्च

प्रश्न : आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात ३०० सभासद आहेत, सगळे पासष्टीपुढचे. ठोके बेताल पडले की पक्षाघाताचा धोका वाढतो, म्हणून शिबिर घेऊन सर्वांचा ईसीजी काढायचे ठरत आहे. माणशी १५० रुपये धरले तर ४५,००० होतात. एवढा खर्च सार्थकी लागेल का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : असा सरसकट ईसीजी काढू नका. साधा ईसीजी जेमतेम दहा सेकंदांचा असतो आणि एट्रिअल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून येणारा हा बेतालपणा, अनेकांत येऊन-जाऊन असतो. स्वीडनमध्ये ‘स्ट्रोकस्टॉप’ अभ्यासात ७५-७६ वर्षांचे ७,१७३ जण तपासणीला आले. पहिल्या ईसीजीत नवे रुग्ण सापडले फक्त ३७, म्हणजे ०.५ टक्के. पुढे दोन आठवडे हातात धरायच्या छोट्या ईसीजी यंत्रावर रोज दोनदा नोंद घेतली, तेव्हा एकूण आकडा २१८ झाला, म्हणजे ३ टक्के. तुमच्याकडे ०.५ टक्के धरले तरी एखाद-दुसरा रुग्ण मिळेल, आणि एकामागे ३०,००० रुपये पडतील.

आधी नाडी पाहा; तिला पैसे लागत नाहीत. पाच मिनिटे बसवून, अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर तीन बोटे ठेवून पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणले तर बेतालपणा निसटतो. नाडी बेताल लागली त्यांचाच ईसीजी काढा. मधूनच पडणाऱ्या जादा ठोक्यांनाही यंत्र कधी कधी फिब्रिलेशन म्हणते, म्हणून ईसीजीची प्रत्येक पट्टी फिजिशियनने वाचायलाच हवी. उरलेल्या पैशांत छोटी यंत्रे घ्या. एक यंत्र महिन्यात दोघांना पुरते, पाच यंत्रांवर चार महिन्यांत ४० जण होतात. पंचाहत्तरीपुढचे, रक्तदाब किंवा मधुमेह असलेले आधी घ्या.

खरा खर्च निदानानंतर सुरू होतो. इको (हृदयाची सोनोग्राफी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी), हिमोग्लोबिन, थायरॉइड. मग रक्त पातळ ठेवणारी गोळी, बहुधा आयुष्यभर, आणि वर्षातून निदान एकदा मूत्रपिंडाची तपासणी. इको टाळू नका. संधिवाताच्या तापाने मायट्रल झडप अरुंद झालेले रुग्ण आपल्याकडे आजही दिसतात. त्यांना रक्त पातळ ठेवणाऱ्या नव्या गोळ्या चालत नाहीत, वॉरफेरिन ही जुनी गोळी आणि नियमित आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेची तपासणी) लागते. खर्च वाचवायला ॲस्पिरिनवर भागवणे ही फार घातक काटकसर आहे : पक्षाघात नीट टळत नाही, रक्तस्रावाचा धोका मात्र राहतो. दुसरी चूक ॲपिक्साबॅन या नव्या गोळीच्या मात्रेत होते. वजन साठ किलोच्या आत आहे एवढ्यावरच ती निम्मी करतात. वय ८० किंवा जास्त, वजन ६० किलो किंवा कमी, क्रिएटिनिन १.५ मिलिग्रॅम/डेसिलिटर किंवा जास्त, यांपैकी दोन गोष्टी असल्या तरच ५ ऐवजी २.५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा.

स्वीडनमध्ये ही तपासणी अखेर स्वस्तच पडली. बोलावलेल्या दर हजार जणांमागे सुमारे साडेदहा पक्षाघात कमी आणि जवळपास १७.७ लाख युरोंची बचत, असा हिशेब २०२३ मध्ये मांडला गेला. पण तिथे सापडलेल्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक जणांनी औषध सुरू केले होते, आणि पक्षाघाताचा बराचसा खर्च सरकारी तिजोरीतून जातो. आपल्याकडे फिजिओथेरपी, सांभाळणारा माणूस, बुडालेली मजुरी हे सारे घरावर येते. म्हणून शिबिराची तारीख काढण्याआधी पट्ट्या कोण वाचणार, इको कुठे होणार आणि ज्याला गोळी परवडत नाही त्याचे काय, हे लिहून ठेवा.

प्रश्न : मनगटी घड्याळाने ‘ठोके अनियमित’ असे दाखवले. गोळी सुरू करावी का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही. त्या इशाऱ्यावर गोळी सुरू करत नाहीत. आधी ईसीजीवर खात्री, मग डॉक्टरांचा निर्णय.