रिपोर्ट नॉर्मल, मग दुखतं कशाने?

प्रश्न: वय ३४. वर्षभर ओटीपोटात दुखतंय. लघवीला सारखं जावं लागतं, रात्री चार-पाचदा उठते. जाऊन आलं की बरं वाटतं, पुन्हा भरत आलं की कळ सुरू. इन्फेक्शन म्हणून सहा वेळा अँटिबायोटिक्स झाली पण कल्चरमध्ये कधीच काही आलं नाही, सोनोग्राफीही नॉर्मल. घरचे म्हणतात टेन्शन घेतेस. खरंच मनाचं असेल का?

उत्तर: नाही हो ताई, मनाचं अजिबात नाही. भरलं की दुखतं आणि रिकामं झालं की थांबतं, हे तुम्हीच लिहिलंय आणि तिथेच मला मूत्राशयाचा संशय आला. बाईचं ओटीपोट दुखलं की सगळे आधी गर्भाशय बघतात, ते ठीक दिसलं की तपास तिथेच संपतो, पण त्याच्या अगदी पुढेच मूत्राशय असतं आणि तेही दुखू शकतं हे कुणाच्या लक्षातच येत नाही. या दुखण्याला इंटरस्टिशियल सिस्टायटिस किंवा ब्लॅडर पेन सिंड्रोम म्हणतात. यात जंतू नसतात, म्हणून कल्चर कोरं येतं, आणि म्हणूनच सातव्यांदा अँटिबायोटिक घेऊन काही होणार नाही. सोनोग्राफीतही हे दिसत नाही. काहींना सोबत एंडोमेट्रिओसिसही (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढणं) असतो, त्यामुळे पाळीत दुखणं वाढतं का तेही डॉक्टरांना सांगा.

आता एक करा. मापाच्या खुणा असलेलं प्लास्टिकचं भांडं बाथरूममध्ये ठेवा आणि तीन दिवस दर वेळी किती वाजता, किती मिली झाली, किती दुखलं ते वहीत लिहा. एरवी मूत्राशयात ३०० ते ५०० मिली सहज मावते, तुमच्या वहीत सारखे ८०-१०० चे आकडे आले तर ते पान युरोलॉजिस्टसमोर ठेवा, तोंडी सांगण्यापेक्षा त्याचा जास्त उपयोग होतो.

कॉफी, चहा, लिंबूवर्गीय फळं, टोमॅटो, तिखट हे काही दिवस बंद करून एकेक परत सुरू करा, म्हणजे तुम्हाला नेमकं काय बाधतं ते कळेल. दुखतं म्हणून पाणी तोडू नका, घट्ट लघवीने जास्त आग होते. आणि कुणी सांगितलं म्हणून कीगल व्यायाम, म्हणजे लघवी रोखताना आवळतो ते स्नायू आवळायचे व्यायाम, करू नका, या दुखण्यात ओटीपोटाच्या तळाचे हेच स्नायू बऱ्याचदा आधीच आखडलेले असतात, ते सैल करणारी फिजिओथेरपी लागते. औषधंही आहेत, रात्री कमी डोसात अ‍ॅमिट्रिप्टिलिन देतात, ती डिप्रेशनची गोळी म्हणून ओळखली जाते पण इथे दुखण्यासाठी असते, तेव्हा चिठ्ठीवर नाव बघून घाबरू नका. एकाच उपायाने सगळ्यांना बरं वाटत नाही, दोन-तीन बदलून बघावे लागतात, त्याला काही महिने जातात.

लघवीत एकदा जरी रक्त दिसलं तर मात्र वही पूर्ण व्हायची वाट न बघता लगेच दाखवा.