ज्येष्ठ नागरिकांच्या सन्मानासाठी टपाल तिकीट काढून त्यांना काय मिळतं?

तुम्ही विचारलंय की समाज म्हातारा होत चाललाय तर औषधपाण्याचं बघायचं सोडून ज्येष्ठांच्या नावाने तिकीट कशाला, आणि आता पत्रं लिहितं तरी कोण. मी इंदूरची, आमच्या घरात आजोबांपासून तिकिटं जमवायचा नाद आहे, म्हणून राहवलं नाही.

आधी कर्व्यांचं सांगते. 18 एप्रिल 1958 ला महर्षी धोंडो केशव कर्वे 100 वर्षांचे झाले आणि त्याच दिवशी त्यांच्यावर 15 नव्या पैशांचं तिकीट निघालं. आपल्याकडे तिकीट सहसा माणूस गेल्यावरच निघतं, हयात भारतीय माणूस आपल्या तिकिटावर आला तो हा पहिलाच. मग 15 सप्टेंबर 1960 ला विश्वेश्वरय्या, तेही शंभरीनिमित्त. पुढे मदर तेरेसा, सचिन असे मोजकेच. म्हणजे बघा, ही प्रथा पहिल्यांदा मोडली ती एका शंभर वर्षांच्या म्हाताऱ्यासाठी! अण्णा, म्हणजे कर्वे, त्यानंतर साडेचार वर्षं होते, 1962 च्या नोव्हेंबरात गेले. स्वतःचा चेहरा लावलेली पाकिटं देशभर फिरतायत हे त्यांना कळलं, माझ्या मते सगळं मोल त्यातच आहे.

आमच्याकडे ते तिकीट आहे. पुण्याच्या आत्याच्या पत्रावर आलेलं, आजोबांनी पाकिटाचा तुकडा कापून कोमट पाण्यात ठेवला, डिंक सुटल्यावर वर्तमानपत्रावर उलटं वाळवलं. एका कोपऱ्याचे दोन दात तुटलेत पण शिक्क्यातलं पुणे अजून भिंगाने वाचता येतं. आजी तेव्हा चोविशीची, लग्न होऊन नुकतीच इंदूरला आलेली.

आता 1 ऑक्टोबर, ज्येष्ठांचा आंतरराष्ट्रीय दिवस, हे संयुक्त राष्ट्रांनी 1990 मध्ये ठरवलं, आणि 1999 हे अख्खं वर्षच ज्येष्ठांचं होतं, बऱ्याच देशांनी तिकिटं काढली. पण काठी, सुरकुतलेला हात आणि त्या हातावर लहान मुलाचा हात, असलं चित्र मला पटत नाही. 2011 च्या जनगणनेतच आपल्याकडे साठीच्या पुढचे 10 कोटींवर होते आणि 2050 पर्यंत दर पाचात एक असेल म्हणतात, मग एवढी माणसं फक्त हात धरून चालवण्यापुरती आहेत का? काम करणारा, शिकवणारा, भांडणारा म्हातारा दाखवा ना. आणि दुसरं, विशेष तिकिटं एकदाच छापतात, ठरावीकच, मिळतात फिलाटेली ब्युरोत, म्हणजे तिकिटं जमवणाऱ्यांसाठीच्या टपालाच्या खास विक्रीकेंद्रात, गल्लीतल्या पोस्टात खिडकीवर बारकोडचा कागद चिकटवून देतात. मग ज्यांच्यासाठी तिकीट काढलं त्यांच्या हातात ते येणार कधी?

म्हणून आजीच्या नव्वदीला आम्ही माय स्टॅम्प केला. टपाल खात्याची योजना आहे, 2011 पासून, तुमचा फोटो तिकिटाला जोडून छापून देतात आणि ते पत्राला खरंच चालतं. आम्ही काढलं तेव्हा 12 तिकिटांची शीट 300 रुपयांना होती, फॉर्म, फोटो आणि ओळखपत्र लागलं. खिडकीवरच्या माणसाने आजीच्या समोरच मला विचारलं, इस उमर में टिकट का क्या करेंगी? मला इतकं वाईट वाटलं की बोलायला काही सुचेना. आजी म्हणाली, "चिट्ठी भेजूंगी, और क्या."

शीट आली, ओटल्यावर बसलेला फोटो, मागे तुळस. आजी डायरी घेऊन बसली आणि तिच्या वयाची, तिला नावाने हाक मारणारी माणसं शोधू लागली. पानं उलटून उलटून सात पत्ते निघाले. तिकिटं बारा आणि पत्ते सात. ती बराच वेळ काही बोललीच नाही, आम्हीही नाही. मग उरलेल्या पाचांतली चार नातवंडांना गेली, पुणे, बंगळूर, दोन अमेरिकेत, तिकडे जादा तिकिटं लावावी लागली. एक तिने स्वतःकडे ठेवलं. तेरा-चौदा दिवस रोज दोन ओळी लिहून राहिली होती, हात दुखायचा तरी मला लिहू देईना.

तर तुम्हाला विचारायचंच असेल की काय मिळतं, तर हे मिळालं. घरात कुणी ज्येष्ठ असतील तर त्यांची शीट जरूर काढा, पण शीट फ्रेम करून भिंतीवर लावू नका, त्यांना पाकिटं आणि पेन आणून द्या.

सातातले तीन फोन आले, एकाच्या मुलाने ते गेल्याचं कळवलं. आणि महिन्याभराने ग्वाल्हेरहून पाकीट आलं, आजीच्या शाळेतल्या मैत्रिणीचं. अक्षर इतकं थरथरलेलं की पोस्टमनने पत्ता कसा लावला देव जाणे. वर एकेक रुपयाची पाच जुनी तिकिटं, एका ओळीत, अगदी सरळ चिकटवलेली.