वयस्कर आईवडिलांना घेऊन एका दिवसात पॉम्पेई पाहून होईल का?

नेपल्समध्ये दोन दिवसांचा मुक्काम असून सत्तरीच्या पुढच्या आईवडिलांना पॉम्पेईत चालवेल का, असे आपण विचारले आहे. चालवेल, मी मे महिन्यात माझ्या आईला घेऊन गेलो होतो आणि तिचे गुडघे दुखरे आहेत. मात्र सगळे पाहण्याचा हट्ट सोडावा लागतो, कारण हे ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेलेले, सुमारे ६६ हेक्टरांचे अख्खे रोमन शहर आहे आणि त्याचा जवळपास एकतृतीयांश भाग अजून उकरलेलाही नाही.

नेपल्सहून सोरेंतोकडे जाणाऱ्या सर्कमव्हेसुव्हियाना गाडीने ‘पॉम्पेई स्कावी’ स्थानकावर उतरावे. प्रवेशद्वार समोरच आहे. गाडीला आपल्या लोकलसारखीच गर्दी असते, तेव्हा खिसा सांभाळावा. आम्ही अकरा वाजता पोहोचलो, ही माझी चूक झाली; आत सावली फारच थोडी आहे, त्यामुळे द्वार उघडताच आत शिरणे उत्तम. रस्ते लाव्हाच्या ओबडधोबड फरशांचे असल्याने पायांत चांगले बूट हवेतच.

फोरम, म्हणजे शहराचा मुख्य चौक, सर्वजण पाहतातच, पण आईला खिळवून ठेवले ते एका बेकरीने. डमरूच्या आकाराची, काळ्या दगडाची, पुरुषभर उंचीची जाती तिथे ओळीने उभी आहेत, मागे विटांची भट्टी आहे, म्हणजे दळण आणि भाजणे एकाच आवारात चालत असे. ‘हे बाई फिरवू शकणार नाही, याला जनावरच जुंपत असणार,’ असे ती म्हणाली, आणि ते बरोबरच होते; गाढवे किंवा गुलाम ती ओढत असत. तिथून जवळच्या चौकात, रस्ता ओलांडताना पाय भिजू नयेत म्हणून मांडलेले उंच दगड आणि त्यांच्या मधून गाड्यांच्या चाकांनी पाडलेल्या चाकोऱ्या दाखवल्यावर इसवी सन ७९ मधला व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा उद्रेक तिला वेगळा समजावून सांगावा लागला नाही. मृतदेह कुजून राखेत उरलेल्या पोकळ्यांत प्लास्टर ओतून १८६३ पासून घेतलेले मृतांचे ठसेही आहेत. तिथे आई फार वेळ थांबली नाही.

दुसरा दिवस नेपल्सच्या पुरातत्त्व वस्तुसंग्रहालयासाठी ठेवा (मंगळवारी ते बंद असते), कारण पॉम्पेईतील उत्तमोत्तम वस्तू तिथेच आहेत. १९३८ मध्ये पॉम्पेईच्या एका घरात सापडलेली, जेमतेम वीतभर उंचीची भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती अवश्य पाहा. तिला पूर्वी लक्ष्मी म्हणत, आता बरेच अभ्यासक यक्षी मानतात. तिच्याशी साम्य असलेल्या हस्तिदंती मूर्ती आपल्याकडे धाराशिव जिल्ह्यातील तेर आणि जालना जिल्ह्यातील भोकरदन येथे सापडल्या आहेत. तेर म्हणजेच प्राचीन तगर, जिथला माल गाड्यांतून भडोचला जाऊन पुढे रोमन जहाजांवर चढत असे. आईवडील बरोबर आहेत म्हणून एक आधीच सांगून ठेवतो: आम्ही गेलो तेव्हा ही मूर्ती रोमन शृंगारिक चित्रशिल्पांच्या स्वतंत्र दालनात होती. मी दारातच घुटमळलो. आई मात्र सरळ आत गेली आणि मूर्तीच्या पायांतल्या जाडजूड वाळ्यांकडे बोट दाखवून, असेच वाळे तिच्या आजीकडे होते, असे म्हणाली.