अंडपेशी ‘फलित’ झाली की ‘सक्रिय’ झाली?

प्रश्न असा : ‘रासायनिक संदेशांमुळे अंडपेशीची वाढ आणि सक्रियण होते’ या अनुवादित वाक्यात ‘सक्रियण’ऐवजी सरळ ‘फलन’ लिहिले तर काय बिघडले?

अर्थ बिघडतो. बहुतेक पृष्ठवंशीय प्राण्यांची अंडपेशी अर्धगुणसूत्री विभाजनाच्या दुसऱ्या फेरीत, मध्यावस्थेत अडून बसलेली असते. ती पुन्हा चालू लागणे म्हणजे सक्रिय होणे. शुक्रपेशीशी मीलन म्हणजे फलन. एरवी दोन्ही पाठोपाठ घडतात, म्हणून गल्लत होते. पण उंदराची अंडपेशी कॅल्शियम नसलेल्या माध्यमात १० मिलिमोलर स्ट्रॉन्शियम क्लोराइड घालून ठेवली, तर शुक्रपेशीचे तोंडही न पाहता ती सक्रिय होते. तिला फलित कसे म्हणणार? उलट, सुईने शुक्रपेशी आत सोडूनही अंडपेशी ढिम्म राहते, असेही होते. शुक्रपेशीतले ‘पीएलसी झीटा’ हे विकर सदोष असणे, हे त्याचे एक कारण.

हे विकर पीआयपी-२ नावाच्या मेद-रेणूचे दोन तुकडे करते. त्यातला आयपी-३ हा तुकडा आंतर्द्रव्यजालिकेवरची, म्हणजे पेशीतल्या कॅल्शियमच्या कोठारावरची, दारे उघडतो. पेशीद्रव्यातले कॅल्शियम साधारण ०.१ मायक्रोमोलरवरून १ मायक्रोमोलरच्या आसपास चढते. बेडकात अशी एकच लाट येते. सस्तन प्राण्यांत लाटांमागून लाटा, तासन्‌तास. कॅल्शियममुळे कॅमकिनेज-२ हे विकर जागे होते, एमी-२ हे अडवणारे प्रथिन नष्ट होते, विभाजन रोखून धरणारे सायक्लिन-बी हे प्रथिन मोडते आणि विभाजन पुरे होते. दुसऱ्या शुक्रपेशीला अटकाव करणारे कण थोड्या लाटांत बाहेर पडू लागतात, विभाजन संपायला जास्त लागतात. लाटा कमी पडल्या तर अंडपेशी अर्ध्यावरच थांबते. त्यामुळे इथे ‘बटण दाबले’ ही आवडती उपमा फसवी आहे.

आता ‘वाढ’. अंडाशयात अंडपेशी आकाराने मोठी होते ती वाढ. नंतर एलएच संप्रेरकाचा इशारा आल्यावर पहिल्या फेरीतच थांबलेले विभाजन दुसऱ्या फेरीपर्यंत पुढे सरकते, ती पक्वता. (गंमत म्हणजे इथे अंडपेशीतले सायक्लिक एएमपी हे संकेत-रेणू घटल्यामुळे काम सुरू होते, संकेत नेहमी ‘मिळावा’च लागतो असे नाही, ओसरूनही चालते.) सक्रिय झाल्यावर पुढे होतो तो विकास : सुरुवातीच्या विभाजनांत पेशींची संख्या वाढते, पण एकूण आकार जवळपास तेवढाच राहतो. मूळ लेखात यातले काय अभिप्रेत आहे ते पाहून शब्द घ्यावा.

‘संदेश’ मी टाळेन. अंडपेशीत साठवलेला संदेशवाहक आरएनए असतोच, वाचक तिकडे वळतो. ‘संकेत’ बरा, आणि आयपी-३सारख्यांना ‘दुय्यम संदेशवाहक’ असे पूर्ण म्हणावे.

राहिला ‘सक्रियण’. शुद्धचे शुद्धीकरण, तसे सक्रियचे सक्रियीकरण. पण ‘करण’ आले की करणारा आठवतो, म्हणून प्रयोगशाळेत रसायन घालून केले तर सक्रियीकरण, एरवी साधे क्रियापद. लेख फलनानंतरच्या घडामोडींचा असेल तर वाक्य असे होईल : ‘पेशीतल्या रासायनिक संकेतांमुळे अंडपेशी सक्रिय होते आणि तिचा विकास सुरू होतो.’