रोज भरपूर चालणाऱ्या गाडीचे इंजिन किती टिकते आणि तिचे सर्व्हिसिंग कधी करावे?

आपला प्रश्न असा आहे की, भाड्याने चालवायची गाडी दिवसाला अडीचशे किलोमीटर पळाली तर तिचे इंजिन तीन-चार वर्षांत कामातून जाईल का, पुस्तिकेत दिलेला 15,000 किलोमीटरांचा सर्व्हिसिंगचा टप्पा पुरेसा आहे का, आणि अशा वापरासाठी कोणत्या प्रकारचे इंजिन घ्यावे. सतत धावणाऱ्या गाड्यांची देखभाल पाहणे हेच माझे काम असल्याने पहिल्या भागाचे उत्तर मी निःशंकपणे देतो : नुसत्या किलोमीटरांनी इंजिन संपत नाही. ते किलोमीटर कसे पडले यावर बरेच काही ठरते, आणि म्हणूनच अशा गाडीच्या सर्व्हिसिंगचा हिशेब किलोमीटरांपेक्षा तासांवर ठेवावा, असे माझे ठाम मत आहे.

इंजिनाची बरीचशी झीज ते थंड असताना होते. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीतले ऑइल खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या टाकीत, उतरलेले असते आणि सकाळी सुरू केल्यावर ते वर कॅमशाफ्टपर्यंत (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यापर्यंत) पोहोचायला थोडा वेळ लागतो. थंड इंजिनाला इंधनही जास्त लागते. त्यातला काही भाग न जळता सिलिंडरच्या भिंतीवरून, पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून ऑइलमध्ये जातो. जळणातून निर्माण होणाऱ्या वाफेचे पाणीही त्यातच मिसळते. ऑइल चांगले तापून काही काळ तसेच राहिले, तरच हे पाणी आणि बरेचसे इंधन उडून जाते. डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा मध्यावर आला म्हणजे ऑइलही तापले असे नव्हे. तो काटा कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा, असतो आणि ऑइल त्याच्या बरेच मागून तापते. त्यामुळे सकाळी एकदा सुरू होऊन दिवसभर गरम राहणाऱ्या आपल्या गाडीचे इंजिन, दिवसातून चार वेळा दोन-दोन किलोमीटर जाऊन थंड होणाऱ्या गाडीच्या इंजिनापेक्षा पुष्कळ सुखात असते. अमेरिकेतील अर्व्ह गॉर्डन या शिक्षकांनी 1966 साली घेतलेली व्होल्व्हो पी1800 गाडी 2013 मध्ये 30 लाख मैलांवर, म्हणजे सुमारे 48 लाख किलोमीटरांवर पोहोचली. त्यांचे रोजचे जाणे-येणे लांब पल्ल्याचे होते आणि ऑइल बदलण्यात ते हयगय करीत नसत. ते इंजिन पहिल्यांदा पुन्हा बांधण्याची वेळ आली, तीही दहा लाख किलोमीटर उलटून गेल्यावर.

आता तासांचा हिशेब पाहू. गाडीचा सरासरी वेग ताशी 50 किलोमीटर असेल तर 10,000 किलोमीटरांत इंजिन 200 तास चालते. तीच गाडी गर्दीच्या रस्त्यांवर ताशी 20 किलोमीटरांच्या सरासरीने चालली, तर तेवढ्याच अंतरात 500 तास होतात. ओडोमीटरवर आकडा एकच, पण दुसऱ्या गाडीच्या ऑइलने अडीचपट काम केलेले असते, तेही कमी हवेत, जास्त उष्णतेत आणि सतत थांबत-निघत. जनरेटर आणि ट्रॅक्टर यांसारख्या यंत्रांचे ऑइल पूर्वीपासून तासांवर बदलले जाते, आणि त्यांत 250 तासांचा टप्पा पुष्कळ ठिकाणी आढळतो. मी गाड्यांनाही साधारण तोच टप्पा लावतो. ताशी 20 च्या सरासरीला त्याचे 5,000 किलोमीटर होतात, आणि ताशी 40 च्या सरासरीला 10,000. आपल्या गाडीच्या डिस्प्लेवर सरासरी वेग दिसत असेल तर हा गुणाकार करायला क्षणभरही लागत नाही. पुस्तिकेतही खडतर वापरासाठी वेगळे कोष्टक दिलेले असते. ते बहुधा मुख्य कोष्टकाच्या मागच्या पानावर, बारीक अक्षरात असते, आणि त्यात ऑइलचा टप्पा अनेकदा निम्म्यावर आणलेला असतो. भाड्याने चालणे, सतत थांबत-निघत जाणे, धुळीचे रस्ते, ओझे ओढणे आणि उभ्या गाडीत इंजिन बराच वेळ चालू ठेवणे, हे सगळे त्यात मोडते. आपली गाडी दुसऱ्या कोष्टकातली आहे, पहिल्या नव्हे.

या फरकाचा परिणाम टॅपेट कव्हर, म्हणजे इंजिनाचे वरचे झाकण, उघडल्यावर डोळ्यांना दिसतो. मी एकाच मॉडेलची दोन इंजिने शेजारी-शेजारी उघडलेली पाहिली आहेत. एकात कॅमशाफ्टवर मधासारख्या रंगाचा पातळ थर होता आणि धातूची मूळ चकाकी खालून दिसत होती. दुसऱ्यात कोपऱ्याकोपऱ्यांत काळा, डांबरासारखा गाळ साचला होता आणि तो बोटाने उचलला तर लोण्याच्या गोळ्यासारखा निघत होता. हाच गाळ पुढे चेंबरमधल्या जाळीवर बसतो, ऑइल पंपाला पुरेसे ऑइल ओढता येत नाही, आणि मग बेअरिंगे जातात. गाळ झालेले इंजिन बहुतेक वेळा जास्त पळालेले नसते; ऑइल वेळेवर न बदललेले असते.

तरीही सर्व्हिसिंगच्या तारखेपेक्षा मी जास्त महत्त्व देतो ते दोन सर्व्हिसिंगच्या मधल्या दिवसांना. पुष्कळ चांगली इंजिने ऑइल जुने झाल्यामुळे नव्हे, तर ऑइल कमी पडल्यामुळे वाया जातात. निरोगी इंजिनही थोडे ऑइल खाते. काही कंपन्यांच्या पुस्तिकांत हजार किलोमीटरांना अर्धा लिटरपर्यंतचा खप मान्य धरलेला आहे. समजा, इंजिनात चार लिटर ऑइल आहे आणि आपली गाडी हजाराला पाव लिटर खाते, तर 8,000 किलोमीटरांनंतर, म्हणजे सुमारे महिन्याभरातच, निम्मे ऑइल उरते. उरलेल्या दोन लिटरांवर चौघांचे काम येऊन पडते; ते जास्त तापते आणि लवकर खराब होते. येथे चालकांचा एक समज फार महागात पडतो : ऑइलचा लाल दिवा लागला नाही म्हणजे ऑइल पुरेसे आहे. बहुतेक गाड्यांत तो दिवा ऑइलची पातळी दाखवत नाही, दाब दाखवतो, आणि दाब अगदी तळाला गेल्यावरच लागतो. तो दिवा लागला की गाडी बाजूला घेऊन इंजिन तिथल्या तिथे बंद करायचे असते, पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत न्यायचे नसते. डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी मोजायची पट्टी, आठवड्यातून एकदा तरी बघावी. गाडी सपाट जागी उभी करावी, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटे थांबावे, डिपस्टिक पुसून पुन्हा पूर्ण आत घालावी आणि मगच वाचावी. खुणांच्या मध्ये पातळी असेल तर ठीक. खालच्या खुणेला टेकली असेल तर त्याच दिवशी भरावे. पातळी वाढलेली दिसली तर आनंद मानू नये. ऑइलमध्ये डिझेल किंवा कूलंट उतरत असल्याची ती खूण असू शकते.

तापमानाच्या काट्याचीही तशीच गोष्ट आहे. अनेक गाड्यांत तो मुद्दाम स्थिर ठेवलेला असतो. कूलंट 80 अंशांवर असो वा 100 च्या थोडे वर, काटा मध्यावरच राहतो. तो हलू लागतो तेव्हा हाताशी वेळ थोडा उरलेला असतो. म्हणून कूलंटच्या बाटलीतली पातळी सकाळी इंजिन थंड असताना बघावी. पातळी दर पंधरा दिवसांनी थोडी-थोडी घटत असेल तर नुसते पाणी ओतत राहू नये. गळती शोधावी, मग ती वॉटर पंपाची असो, होसची असो वा हेड (इंजिनाचा वरचा भाग) जिथे बसते तिथला सांधा बंद ठेवणाऱ्या हेड गॅस्केटची. साध्या पाण्याने कूलंटमधली गंजरोधक द्रव्ये पातळ होतात आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यांत क्षार बसतो. गाडी एकदा जोरात तापली की अॅल्युमिनियमचे हेड वाकू शकते, आणि त्यानंतर ते इंजिन पूर्वीसारखे विश्वासाचे राहत नाही.

एअर फिल्टरबद्दल एवढेच की, धुळीत चालणाऱ्या गाडीचा तो लवकर बदलावा, पण हवेच्या फवाऱ्याने झाडून पुन्हा बसवू नये. कागद फाटतो आणि आत गेलेली बारीक धूळ रिंगा व लायनर घासून काढते. टायमिंग बेल्ट (पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांचा मेळ राखणारा पट्टा) असेल तर किलोमीटर आणि वर्षे यांपैकी जे आधी पूर्ण होईल त्यानुसार बदलावा. आपल्या वापरात किलोमीटरच आधी पूर्ण होतील. बेल्ट तुटला तर पुष्कळ इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात.

राहिला इंजिनाच्या निवडीचा प्रश्न. शहरातल्या गर्दीतच दिवस जाणार असेल तर डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असलेले डिझेल मी सुचवणार नाही. त्या फिल्टरमधली काजळी जाळण्यासाठी सुमारे 600 अंश तापमान लागते, ते सलग वेगात चालल्याशिवाय नीट मिळत नाही, आणि जाळण्याची क्रिया वारंवार अर्धवट तुटली तर जास्तीचे डिझेल ऑइलमध्ये उतरते. लांब पल्ल्याला हेच इंजिन उत्तम चालते. शहरासाठी टर्बो (इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणारे यंत्र) नसलेले साधे पेट्रोल इंजिन घ्यावे, किंवा हायब्रिड, म्हणजे इंजिनाबरोबर विजेची मोटर असलेली गाडी, घ्यावी. हायब्रिडमध्ये थांबलेल्या वेळात इंजिन बहुधा बंदच असते, त्यामुळे तासांचा हिशेब आपल्या बाजूने झुकतो. टर्बो पेट्रोल घेतलीच तर दोन गोष्टी पाळाव्यात. ऑइल एपीआय एसपी (डब्यावर लिहिलेला ऑइलचा एक दर्जा) किंवा कंपनीने सांगितलेल्या त्याहून कडक दर्जाचेच वापरावे. 2020 साली आलेल्या या दर्जात अशा इंजिनांमध्ये कमी आरपीएमला (मिनिटाला कमी फेरे असताना) सिलिंडरमधल्या इंधनाने अवेळी पेट घेण्याच्या धोक्याचा विचार केलेला आहे. दुसरे म्हणजे, इंधन वाचवण्यासाठी वरच्या गिअरमध्ये अगदी कमी आरपीएमवर अॅक्सिलरेटर दाबून गाडी ओढायला लावू नये. तेवढ्यासाठी एक गिअर खाली घेतला तर पिस्टनवरचा भार पुष्कळ हलका होतो. आणि वेगात चालवून आल्यावर इंजिन लगेच बंद न करता मिनिटभर चालू ठेवावे, म्हणजे टर्बोच्या बेअरिंगमधले ऑइल जागच्या जागी करपत नाही.